तीन हातांचा नेम

शालिग्रामला खोकला लागला तो पोळ्याच्या सुमारास. दिवाळी झाली तरी तो गेला नाही, तेव्हा त्याला पाहुणा म्हणणं सगळ्यांनी सोडलं, घरचाच झाला. संक्रांतीला रुमालावर लाल ठिपका पडला. शालिग्राम तो रुमाल मुठीत धरून निवृत्तीच्या दुकानात आला आणि म्हणाला, "पानाचा डाग असन ना बे?"

निवृत्ती हा खडकमाळ गावचा शिंपी. खडकमाळ म्हणजे डोणगावपासून दोन कोसांवरचं गाव, शिंपी एकच पुरतो असं. कापडावरचे डाग निवृत्तीला कळत. शालिग्राम पान खात नाही हेही त्याला कळत होतं, कारण दोघं लंगोटीपासूनचे मित्र आणि त्या लंगोट्या निवृत्तीच्या बापानेच शिवलेल्या. तरी तो हाव म्हणाला. पानाचाच आहे म्हणाला. मग दोघांनी दुकानाची फळी लावली आणि मेहकरची बस धरली.

मेहकरच्या डॉक्टरने पाठीवर ठोकून पाहिलं, आडावर बादली ठोकावी तसं, आणि रोगाचं नाव सांगितलं. डॉक्टर म्हणाला, घाबरायचे दिवस गेले, आता सुया निघाल्यात, रोज एक याप्रमाणे दोन-अडीच महिने घ्यायच्या, वर गोळ्या. आणि जमलं तर थंड हवेच्या ठिकाणी एका जागी स्वस्थ पडून राहावं, त्यानेही बरं वाटतं. सुई म्हणजे भाकर आणि हवा म्हणजे ठेचा, असं त्याने समजावूनही सांगितलं.

डॉक्टर बाहेरच्या रोग्याकडे गेला, एवढ्यात सुई घेऊन कंपाउंडर आत आला. त्याला बघताच शालिग्राम सदरा घालून उभाच राहिला. तो गुलाबराव होता. शालिग्रामची बहीण रुख्मिणी हिची सुपारी फुटली होती, लग्न वैशाखाच्या शेवटाला धरलं होतं, आणि गुलाबराव हा नवरदेवाचा सख्खा मामा होता. शालिग्रामने त्याला नमस्कार केला आणि सांगितलं की मित्राला गळू झालंय, त्याला दाखवायला आणलं. मग गुलाबरावाने निवृत्तीला दोन्हीकडून तपासलं, गळू सापडलं नाही, तरी खबरदारी म्हणून एक सुई टोचली. शालिग्रामच्या आजारात सुई टोचली गेली ती एवढीच, आणि ती निवृत्तीला.

परतीच्या बसमध्ये ठरलं. ज्या घरात हा खोकला आहे त्या घरची पोरगी कोणी करत नाही. रोज मेहकरला जाऊन मामाकडून सुई घेणं म्हणजे पत्रिकेवर छापून आणण्यासारखंच. बुलढाण्याला, अकोल्याला जावं तर तिथंही कोणाचा ना कोणाचा मामा. राहिली हवा. भाकर ठेवून दोघांनी ठेचा उचलला.

थंड हवा वऱ्हाडात चिखलदऱ्याला होती, पण तिथं शालिग्रामच्या मावशीचा जावई जंगलखात्यात होता. शिवाय कांदे-मिरच्या पिकवणारा माणूस भर हंगामात चिखलदऱ्याला कशाला गेला, याला उत्तर नव्हतं. हिमालयाला उत्तर होतं. हिमालयात कोणाचा जावई नव्हता, आणि तिकडे गेलेल्या माणसाला कोणी काऊन म्हणून विचारत नाही; पाया पडतात.

म्हणून वाटखर्च जमवून शिमग्यानंतर गावात सांगितलं, बद्रीनाथ. महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती, पण खडकमाळातून काशीच्या पुढं अजून कोणी गेलं नव्हतं, आणि गेले होते तेही दात पडल्यावर. पंचविशीतले दोघं निघाले म्हटल्यावर गाव हरखलं. शालिग्रामचा चुलता भगवंतराव, घरात बाप नसल्याने तोच कर्ता, त्याने नारळ दिला. आई सत्यभामाबाईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि महिनाभर टिकेल असा डाळीचा भरडा बांधून दिला. बायको कोकिळा हिने एक जुनं लुगडं फाडून पंचवीस रुमाल केले, घडी घालून पिशवीत ठेवले. निवृत्तीला वाटलं, थंडीत नाक वाहतं म्हणून दिले असतील. त्याच्या मागं आई, बाप, बायको कोणीच नव्हतं. त्याने दुकानाला कुलूप लावलं आणि कात्री खिशात टाकली, कारण कात्रीशिवाय त्याला कपडे घातल्यासारखं वाटत नसे.

मलकापूरहून गाडी, तिसरा वर्ग. हरिद्वारला पोचले तेव्हा दोघांची हाडं मोजून घ्यावी लागली. तिथं तांब्याच्या गडूत गंगा भरून कासाराकडून गडूचं तोंड पत्रा डागून बंद करून घेतलं, आणि धर्मशाळेत पथारी टाकली. व्यवस्थापकाने नियम सांगितला: तीन दिवस. चौथ्या दिवशी उठायचं.

हा नियम त्यांनी मनावर घेतला नव्हता. पण त्याच नियमाने त्यांची सगळी यात्रा आखली. भाड्याची खोली घ्यावी तर आवाक्याबाहेर, आणि फुकटच्या धर्मशाळा सगळ्या तीन दिवसांच्या. डॉक्टरने एका जागी पडून राहायला सांगितलेला माणूस दर चौथ्या दिवशी गाठोडं डोक्यावर घेऊन नव्या गावाला निघे. हृषीकेश, डेहराडून, मसुरी, चंबा, टिहरी. प्रत्येक गावचे लोक भले होते. प्रत्येकजण सांगे की इथली हवा काही खास नाही, खरी हवा पुढच्या गावात. पुढच्या गावचे म्हणत, अरे, तुम्ही ती मागे सोडून आलात. आणि कुठं कुठं तर तीन दिवसही होत नसत. पहिल्या रात्रीचा खोकला ऐकून शेजारचे यात्रेकरू सकाळी व्यवस्थापकाकडे जात, आणि व्यवस्थापक हात जोडून येई.

मसुरीच्या वरच्या अंगाला या रोग्यांसाठी एक मोठा दवाखाना आहे असं कळलं, म्हणून वाटेत चौदा ठिकाणी बसत तिथं गेले. कारकून सज्जन होता. त्याने वहीत नाव लिहून घेतलं आणि सांगितलं, खाट आठ महिन्यांनी मिळेल. शालिग्राम बाहेर कट्ट्यावर येऊन बसला. म्हणाला, "आठ महिन्यांनी खाट लागतेच, पण ते चौघं उचलतात."

निवृत्तीला हसू आलं. हसण्याचं त्याला नंतर फार वाईट वाटलं, पण तेव्हा आलं.

हिमालय म्हणून जो काही असतो, तो बर्फाचा, त्यांनी पाहिलाच नाही. चैत्र-वैशाखाची धूळ आणि वणव्याचा धूर असा पसरला होता की समोरच्या डोंगरापलीकडे काही दिसेना. रोज सकाळी कोणीतरी बोट दाखवून सांगे, ती तिकडं शिखरं आहेत; दोघं तिकडं बघून नमस्कार करत. शेवटी मसुरीच्या रस्त्यावर एका फोटोवाल्याने पडदा टांगला होता त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढला. पडद्यावर बर्फाची शिखरं होती, खाली तळं होतं, तळ्यात दोन हंस होते. शालिग्राम शिखराला टेकून उभा राहिला. पडदा मागे गेला आणि फोटोवाला ओरडला.

टिहरीला रुमाल संपले. शालिग्रामने शेवटचा धुतला, वाळत घातला आणि म्हणाला, "घरी चाल बे. हवा लई झाली."

निवृत्तीने मनाशी पक्कं केलं होतं. घरी नेऊन दोन दिवस निजवायचा, अंगात जरा त्राण आलं की चुलत्याला सगळं सांगायचं आणि अकोल्याच्या दवाखान्यात टाकायचा. लग्न मोडलं तर मोडलं. डोणगावला बसमधून उतरून बैलगाडीने निघाले, तेव्हा तो हेच वाक्य जुळवत होता. गाडी वेशीजवळ आली आणि मारुतीच्या देवळासमोर भगवंतरावाने बैलाची वेसण धरली.

पुढं जाता येणार नव्हतं. यात्रेहून आलेला माणूस मावंदं झाल्याशिवाय घरात पाऊल टाकत नाही. वेशीबाहेर देवळात उतरायचं. मग वाजतगाजत न्यायला येतात, घरची बाई पाय धुते, गंगेच्या गडूची पूजा होते, गावजेवण होतं, आणि मग उंबरठा. निवृत्तीला हे ठाऊक होतं. सहा आठवडे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं एवढंच. त्याने विचारलं, मावंदं आज का उद्या? भगवंतराव खुशीत म्हणाला, नऊ दिवसांनी. लग्नसराईत मेहकरचा बँड मोकळा नव्हता. रुख्मिणीच्या लग्नाला सांगितलेला तोच, त्या दिवशी मावंदंही उरकायचं. एका बँडात दोन कामं.

मागून सत्यभामाबाई आली. पोराला बघून ती हात पसरून पळत सुटली. यात्रेकरूला उराउरी भेटतात, त्याचं पुण्य लागतं म्हणून. तिच्यामागं अर्धं गाव हात पसरून. निवृत्ती गाडीतून उडी मारून मधे उभा राहिला आणि तोंडात आलं ते बोलला.

"शिवू नका. बद्रीचा नेम हाय. मावंदं होईस्तोवर यात्रेकरूले कोनी शिवाचं नाई. तीन हात दूर."

तीनच का, हे त्यालाही सांगता आलं नसतं. शिंप्याच्या तोंडी माप आलं.

म्हातारी जिथल्या तिथं थांबली. गाव थांबलं. नेम ऐकून सगळ्यांना भारी समाधान वाटलं. एवढ्या लांबून आणलेला नेम साधा कसा असेल? भगवंतरावाने स्वतःच्या हाताने तीन हात मोजून देवळाच्या फरशीवर चुन्याची रेघ ओढली. चार दिवसांत गावातले म्हातारे सांगू लागले की हा नेम आपल्याकडं पूर्वी होताच, मधे लोक विसरले. बारा वर्षांपूर्वी काशी करून आलेल्या रामरावाला आठवलं की आपल्याला तर वेशीवर सगळे शिवले होते. त्याने प्रायश्चित्त म्हणून दोन उपास केले.

निवृत्तीही यात्रेकरूच, म्हणून तो रेघेच्या आत होता. शालिग्राम भिंतीला टेकून, मसुरीची घोंगडी पांघरून बसलेला असे. गालफडं आत गेली होती, डोळे मोठे झाले होते, कपाळावर तापाची चमक होती. लोक रेघेबाहेरून हात जोडत आणि म्हणत, काय तेज चढलंय. खोकला आला की निवृत्ती घंटा वाजवी. लोकांना वाटे, दर अर्ध्या घटकेला देवाला घंटा वाजवणं हाही नेमातलाच भाग. कोणी हिमालय कसा आहे विचारलं तर शालिग्राम पडद्यावरचं वर्णन करी. हंसांपर्यंत आला की दम लागे, मग पुढचं लोक आपसात पुरं करत.

कोकिळा दोन वेळा ताट घेऊन येई. रेघेवर ठेवून, मागं सरून बसे. नवराबायकोचं बोलणं कांद्यांचं. चाळीतला कांदा फिरवला का, सडका काढला का, बुडाशी ओल आहे का. ती म्हणे फिरवला. मग तो जेवेस्तोवर ती बसून राही. निवृत्ती तोंड फिरवून रुख्मिणीच्या लग्नाच्या चोळ्या हाताने शिवत राही. त्याला वाटे, आपण माप जरा कमी सांगायला पाहिजे होतं. दोन हातसुद्धा चाललं असतं. हात लांबवला तर पोचला असता.

पाचव्या दिवशी तो उठून, वाटेत सगळ्यांपासून तीन हात राखत, भगवंतरावाच्या अंगणापर्यंत गेला. शालिग्रामची तब्येत बरी नाही, मावंदं लवकर करा म्हणाला. भगवंतराव मांडवाच्या बल्ल्या मोजत होता. म्हणाला, हिमालयातून जाड होऊन आलेला कोणी पाहिला का? निवृत्तीने खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात आतून रुख्मिणी आली, हळदीच्या मुसळाला दोरा बांधत. तिने विचारलं, "निवृत्तीदादा, कान पिळाले दादाच येईन ना? दुसऱ्याच्या हाताले मी कान लावू देनार नाई त्यायचा."

बहिणीच्या लग्नात भावाने नवरदेवाचा कान पिळायचा, माझ्या बहिणीला नीट वागव म्हणून. निवृत्तीने उघडलेलं तोंड मिटलं. मग पुन्हा उघडून दादाच येईल म्हणाला.

देवळात येऊन त्याने शालिग्रामला सांगितलं की मी आता सगळं सांगून टाकतो, लग्न गेलं चुलीत. शालिग्रामने घोंगडी गळ्याशी ओढून घेतली. मग म्हणाला, "चार दिवस राह्यले. मी सहा हप्ते तंगड्या तोडल्या त्या काऊन? ते लग्न मोडलं तर मी फुकटचा मेलो ना बे." आणि थोड्या वेळाने, "अक्षता पडेस्तोवर कोनाले काई सांगजो नको. कान तू पिळजो. जोरात पिळजो."

त्याची शपथही त्याने निवृत्तीला घातली. शपथ घालताना हात हातात घ्यायचा असतो. निवृत्ती रेघेच्या आतला असल्यामुळे तेवढं जमलं.

लग्नाचा दिवस उजाडला. मुहूर्त गोरजाचा. दुपारी गाव पंगतीला बसलं होतं, देवळाकडे कोणी नव्हतं, उन्हाने फरशी तापली होती. शालिग्रामने पाणी मागितलं. माठातलं दिलं तर मान हलवली आणि गडूकडे बघितलं. गडू पूजेशिवाय फोडायचा नसतो. निवृत्तीने खिशातली कात्री काढली, तोंडाचा पत्रा कापला आणि दोन घोट त्याच्या तोंडात घातले. तिसरा आत गेला नाही.

पंगतीत वाढपी बुंदी बुंदी करत हिंडत होते, ते ऐकू येत होतं.

निवृत्तीने तोंड पुसलं. मान सरळ करून भिंतीला टेकवली, घोंगडी हनुवटीपर्यंत ओढून मागं दोऱ्याने टाचली. शिलाई चांगली झाली, त्याची आयुष्यातली सगळ्यात नीट झालेली शिलाई हीच. मग तो शेजारी बसला, कारण करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

उन्हं उतरल्यावर बँड आला, मागोमाग वऱ्हाड. नवरदेव लग्नाआधी वेशीच्या मारुतीला पाया पडायला येतोच; ते त्यांना आठवायला हवं होतं, तेही आठवलं नव्हतं. नवरदेवाच्या मागं गुलाबराव कंपाउंडर, नव्या धोतरात. निवृत्तीने पुढं होऊन सांगितलं की शालिग्राम ध्यानात आहे, बहिणीच्या अक्षता पडल्याशिवाय उठणार नाही, बोलणार नाही. गुलाबराव रेघेवर उभा राहिला. तो बराच वेळ बघत होता. गुलाबरावाने शेवटी विचारलं, मागं गावात कुजबुज होती की यांना खोकला आहे म्हणून?

सगळे ऐकू लागले. बँडवाल्यांनीसुद्धा वाद्यं खाली घेतली. घटकाभर देवळात अगदी शांत होतं, आणि शालिग्राम एकदाही खोकला नाही.

गुलाबरावाचं समाधान झालं. त्याने भुईला डोकं टेकून नमस्कार केला. भगवंतराव म्हणाला, थोरला भाऊ ध्यानात, तेव्हा कानापुरता नेम सैल करून कानपिळी निवृत्तीने इथंच देवासमोर उरकून घ्यावी. निवृत्तीने नवरदेवाचा कान धरला. तो धरला आणि त्याला सोडता येईना. नवरदेव आधी हसला, मग ओरडला, मग त्याच्या मुंडावळ्या सुटल्या. लोक पोट धरधरून हसले. भगवंतरावाने बोटं एकेक करून सोडवली तेव्हा कान बिट्टीच्या फुलासारखा वळला होता. निवृत्तीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं; लोक म्हणाले, पाहा, हसून हसून आलं.

वऱ्हाड मांडवात गेलं. निवृत्ती देवळात बसून ऐकत राहिला. मंगलाष्टकं लांबत होती. प्रत्येक कडव्याला नवीन भटजी सापडत होता. मग टाळ्या झाल्या, ताशा कडाडला. अक्षता पडल्या. त्याची शपथ सुटली.

आता सांगायचं होतं. पण तो उठायच्या आधीच बँड मावंद्यासाठी वाजवत देवळाकडे वळला, आणि सगळ्यांच्या पुढं कोकिळा होती. डोक्यावर पदर, हातात पाय धुवायचं घंगाळ. रेघेशी येऊन ती थांबली. नवऱ्याकडे बघितलं नाही. तिने गडू बघितला. कात्रीने कापलेलं तोंड बघितलं. मग निवृत्तीकडे.

"कवा?" तिने हळू विचारलं. बँडच्या आवाजात ते दुसऱ्या कोणाला ऐकू गेलं नाही.

"दुपारी. पंगत बसली तवा." मग त्याला काहीतरी बोलावंसं वाटलं. "तुम्हाले सांगाचं व्हतं वहिनी. तुम्हाले माहीत नाई, त्याले—"

"रुमाल कोन धुवे भावजी?" कोकिळा म्हणाली. "पोळा झाल्यापासून मीच धुवो."

नऊ दिवस ती रेघेबाहेर बसून कांद्यांचं बोलत होती. सगळं ठाऊक असून बसली होती, नणंदेच्या लग्नासाठी, त्याने शोधलेल्या नेमामागं.

तिने रेघ ओलांडली. मागं बायका चरकल्या. कोणीतरी म्हणालं, असू द्या, आता मावंदंच आहे. ती खाली बसली, घोंगडी बाजूला केली, शालिग्रामचे पाय घंगाळात घेतले. निवृत्ती मदतीला वाकला.

"तुम्ही व्हा आता तीन हात दूर," ती म्हणाली.

तो उठला. मागं सरकत सरकत फरशीवरून उतरला आणि रेघेबाहेर जाऊन उभा राहिला. कोकिळा पाय धूत होती, बोटांच्या मधून, टाचांच्या भेगांतून, टिहरीची माती अजून तिथं होती. सत्यभामाबाई आरतीचं ताट घेऊन, पोराला आता शिवता येईल म्हणून, हसऱ्या तोंडाने गर्दीतून पुढं येत होती. बँडवाल्यांना कोणी थांबा म्हटलं नव्हतं, म्हणून ते वाजवत होते.